सुरडकर साहेबांची व्हेनिस पाहणी

बुलडाण्याच्या चिखलीतून परदेशात जाऊन आलेली माणसं आता पुष्कळ झाली. कोणी मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत सहा महिने राहिलं आणि तिथल्या उन्हात पापड वाळत नाहीत एवढं ज्ञान घेऊन परत आलं. कोणी खताच्या कंपनीचं टार्गेट पूर्ण केलं म्हणून बँकॉकला जाऊन आलं आणि त्या सहलीबद्दल घरात अवाक्षर काढत नाही. पण कोणी बोलावलेलं नाही, कोणाचं काम अडलेलं नाही, पुढे छत्री उंच धरून चालणारा टूरवालाही नाही, अशा अवस्थेत स्वतःच्या डोक्याने युरोपात गेलेला माणूस मी एकच पाहिला. ते म्हणजे आमचे सुरडकर साहेब, निवृत्त कालवा निरीक्षक.

माझं तहसीलच्या रस्त्यावर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, जातीचा दाखला, हे माझं जग. साहेबांचं घर दुकानाच्या मागच्या गल्लीत. त्यामुळे व्हेनिसचा पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक कागद माझ्याच मशीनमधून निघाला, आणि दोन वर्षं या माणसाने माझं डोकं खाल्लं, हे आधीच सांगून टाकतो.

साहेबांचा वेश ठरलेला. पांढरा अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, खिशात प्लॅस्टिकच्या कव्हरातली डायरी आणि हातात काठी. काठी आधारासाठी नव्हती. तिच्यावर त्यांनी लाल-पांढऱ्या रंगाने सेंटिमीटरच्या खुणा केल्या होत्या. पाणी दिसलं की काठी आत घालायची, खोली वाचायची आणि डायरीत टिपायची, ही एकतीस वर्षांची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. माझ्या घराच्या वास्तुशांतीला आले, तर आधी जिना चढून गच्चीवरच्या टाकीत काठी घालून आले आणि मग सत्यनारायणापुढे हात जोडले. प्रसाद घेताना म्हणाले, "गजानन, टाकी अर्धीच हाये. पंगत बसायच्या आधी टँकर सांगून ठेव." टँकर सांगावा लागलाच. त्यांचं म्हणणं बहुतेक वेळा खरं निघायचं, आणि म्हणूनच लोकांना त्यांचा राग यायचा.

"जागेवर जाऊन पाह्यलं काय?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. पेपरातली बातमी सांगा, डॉक्टरचा रिपोर्ट दाखवा, सोयरिकीचं बोला, पहिला प्रश्न हाच. पुतण्याच्या लग्नाच्या बोलणीत मुलीकडच्यांनी दहा एकर बागायत सांगितली होती. साहेब दुसऱ्या दिवशी मोटरसायकल काढून बीबी गावाच्या पुढे त्या शेतात गेले, विहिरीत वाकून पाहून आले आणि भरल्या बैठकीत म्हणाले, "पोरगी चांगली हाये. विहीर खोटी हाये. लग्न करा, पण पत्रिकेत बागायतदार छापू नका." लग्न झालं. त्या घरातून साहेबांना पुढे कधी जेवायला बोलावणं आलं नाही.

आता खरी गोष्ट. खात्यात कालव्याच्या शेवटच्या टोकाला टेल म्हणतात. नियम असा, की पाणी आधी टेलच्या शेतकऱ्याला द्यायचं आणि मग वर वर येत जायचं. कागदावर नियम सुरेख आहे. प्रत्यक्षात वरच्या अंगाला ज्यांची शेती असते त्यांची पुढाऱ्यांत ऊठबस असते, आणि त्यांचे पाइप कालव्यात कायमचे पडलेले असतात. साहेबांच्या कालव्याचं नाव मी सांगत नाही, पण एकतीस वर्षांत टेलपर्यंत त्याचं पाणी कधी पोहोचलं नाही. साहेब मात्र पाणी सोडायच्या दर पाळीला टेलच्या गावात जायचे, लोकांबरोबर कालव्यातून फुटलेल्या कोरड्या चारीच्या काठावर बसायचे आणि सांगायचे, "निघालं हाये पानी. येऊन राह्यलं."

त्यांच्या निरोप समारंभाला त्या गावचा एक म्हातारा शेतकरी आला होता. नारळ हातात देत त्याने विचारलं, "साहेब, तुमी तरी कधी पाह्यला काय जी, काठोकाठ भरलेला कालवा?" हे त्यांनी मला एकदा दुकानात प्रिंटर अडकला असताना सांगितलं. म्हणाले, "टोमणा नव्हता त्याचा. तो बिचारा खरंच इचारून राह्यला होता. म्हनून लागलं." मी कागद ओढत होतो.

निवृत्तीनंतर वर्षभराने पुण्याच्या नातीने त्यांना मोबाइलवर सुप्रभातचं चित्र पाठवलं. कोपऱ्यात गुलाब, मध्ये सुविचार आणि मागे व्हेनिस. साहेबांनी गुलाब आणि सुविचार बाजूला सारून मागचं चित्र मोठं करून करून पाहिलं आणि तसेच चपला घालून दुकानात आले. "गजानन, हा कोनता कालवा हाये? पानी उंबरठ्याले लागेल हाये पाह्य." मी शोधून सांगितलं. त्या दिवशी त्यांनी ठरवलं. मरायच्या आधी एकदा, जागेवर जाऊन, स्वतःच्या डोळ्यांनी भरलेला कालवा पाहायचा.

मुलगा पुण्यात चांगल्या नोकरीवर आहे. त्याने टूर कंपनीचं रंगीत पुस्तक पाठवलं. बारा दिवस, सात देश, रोज रात्री वरणभात. साहेबांनी पान उलटून व्हेनिस शोधलं. व्हेनिसला चार तास होते, त्यातला एक तास खरेदीचा. "चार तासांत एक चारी चालून होत नाई," म्हणाले आणि पुस्तक शेंगांची टरफलं ठेवायला घेतलं. आपलं आपण जायचं ठरलं. ते, त्यांची बायको म्हणजे आमच्या काकू, आणि काठी.

मग नियोजन सुरू झालं. एवढ्या नियोजनात आमच्या तालुक्यात एखादं धरण उभं राहिलं असतं. व्हेनिसचा नकाशा मी चोवीस कागदांवर छापून दिला. तो जोडून त्यांनी बैठकीच्या भिंतीवर लावला आणि प्रत्येक कालव्याला स्वतःचे नंबर दिले. कोणता पूल कुठे, पाण्यावरची बस कुठे थांबते, सगळं पाठ. पण एक गोष्ट नकाशात सापडेना. पाणी सोडतात कुठून? दरवाजा कुठे? त्यावर चौकीदार कोण? साहेबांची झोप उडाली. शेवटी त्यांनी व्हेनिसच्या नगरपालिकेला माहितीच्या अधिकारात अर्ज केला. मी हसलो तर म्हणाले, "सरकारी कार्यालय हाये न? मंग उत्तर द्याच लागते." अर्ज इंग्रजीत, प्रश्न तीन. पाणी कुठून सोडता, कोण सोडतं, आणि शेवटच्या घरापर्यंत पोहोचतं की नाही. वर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट डकवलेलं.

तीन महिन्यांनी खरंच एक लिफाफा आला. आत पर्यटकांसाठीचं घडीपत्रक आणि शुभेच्छांचं छापील पत्र होतं. साहेबांनी त्यावर तारीख घालून "अंशतः माहिती प्राप्त" असा शेरा मारला, आणि अपील कोणाकडे करायचं याचा दोन दिवस शोध घेतला. मग काकूंनी पत्रक फ्रिजवर लावून टाकलं आणि तो विषय संपला.

कार्यक्रमही त्यांनी खात्याच्या पद्धतीनेच आखला. सगळं जग व्हेनिसला जाऊन आधी मधला मोठा चौक पाहतं. साहेबांच्या यादीत तो चौक शेवटच्या दिवशी दुपारी होता. पहिल्या दिवशी थेट गावाच्या टोकाची, नकाशात कागद संपतो तिथली वस्ती. "आधी टेल," ते म्हणाले, "मंग वर." जायचं कधी, यावर मात्र वाद झाला. मुलगा म्हणाला मे, नातीला सुट्टी असते. आमच्या हायस्कूलचे भूगोलाचे सर म्हणाले सप्टेंबर, हवा छान असते. साहेब दोघांवर उखडले. "मेमध्ये कुठं पानी राह्यते? मेमध्ये धरनात मृतसाठा राह्यते! फेब्रुवारीत जाच लागते. रब्बीची पाळी चालू असते, कालवा फुल्ल!" भूगोलाच्या सरांनाही ते पटलं. मलाही पटलं. फेब्रुवारीत हॉटेलं एवढी स्वस्त कशी, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही.

कागदपत्रं घेऊन बोटांचे ठसे द्यायला साहेब आणि काकू मुंबईला जाऊन आले. गावाला तेवढं पुरलं. मुंबईला गेले म्हणजे व्हिसा मिळाला आणि व्हिसा मिळाला म्हणजे सत्कार करायलाच हवा, असं आमच्याकडे असतं. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर चौदा नेत्यांचे चेहरे, कोपऱ्यात साहेबांचा पासपोर्टचा फोटो आणि मागे पॅरिसचा मनोरा. सभागृहात शाल, श्रीफळ आणि दीड तास भाषणं झाली. अध्यक्षांनी जाहीर केलं, की चिखलीचा सुपुत्र व्हेनिस शहराचा पाणीप्रश्न सोडवायला निघाला आहे आणि त्यासाठी आपण स्वतः पाठपुरावा केला होता. साहेब उत्तराला उभे राहिले. "व्हेनिसले पानीप्रश्न नाई," एवढंच बोलले आणि खाली बसले. टाळ्या तरीही पडल्या.

आठ दिवसांनी व्हिसा नाकारल्याचा कागद आला.

त्यात माझी चूक होती की त्यांची, यावर मी अजूनही स्वतःशी भांडतो. फॉर्ममध्ये प्रवासाचा उद्देश असा रकाना असतो. मी पर्यटनावर खूण करायला गेलो, तर साहेबांनी माझा हात धरला. "पर्यटन काऊन?"

"मंग काय साहेब? फिरालेच चालले न तुमी?"

"फिराले? या वयात? बायकोले घेऊन? लोक काय म्हनतीन?"

त्यांची पिढी घराबाहेर पडते ती लग्नाला, मयतीला, देवाला, दवाखान्यात नाहीतर सरकारी कामाला. नुसतं पाहावंसं वाटलं म्हणून गाव सोडणं हे उडाणटप्पूचं लक्षण. ज्या माणसाने वरच्या अंगाच्या पुढाऱ्यांशी एकतीस वर्षं तोंडावर भांडण केलं, त्याला आपल्याला हौस आहे एवढं कागदावर लिहायची लाज वाटत होती. त्यांनी मला "इतर" हा पर्याय निवडायला लावला आणि पुढे लिहायला सांगितलं, कालव्यांची पाहणी. मी म्हटलं, "साहेब, ते इचारतीन, कोनी पाठवलं?" म्हणाले, "इचारू दे. माहा अनुभव हाये." मी तसंच टाइप केलं.

नकाराच्या कागदावर छापील कारणांपैकी एका चौकटीत खूण होती. प्रवासाचा उद्देश पटण्यासारखा नाही. साहेबांनी ते तीनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "शेरा बरोबर हाये." वरिष्ठांनी मारलेल्या शेऱ्याचा त्यांना जन्मभर आदर होता.

पण गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. सत्कार झालेला, फ्लेक्स अजून चौकात. जो भेटेल तो विचारायचा, "आले काय जाऊन? काय आनलं आमच्यासाठी?" दळण टाकायलाही साहेब मागच्या बोळातून जाऊ लागले. भिंतीवरचा नकाशा मात्र त्यांनी काढला नाही. त्याच्यासमोर बसून ते चहा प्यायचे, आणि कुणी आलं की खुर्ची फिरवून घ्यायचे. मला त्यांचा त्या वर्षी खरोखर कळवळा आला.

दिवाळी झाल्यावर एक दिवस काकू एकट्या दुकानात आल्या. तोवर काकू मला ठाऊक होत्या त्या फक्त चहाच्या कपामागच्या. त्यांनी पिशवीतून जुन्या फॉर्मची झेरॉक्स काढून काउंटरवर ठेवली. "गजूभाऊ, याच्यात खोटं कोनतं लिहेल हाये, ते मले दाखवा." मी बोट ठेवलं. त्यांनी घडी घातली आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी साहेबांना पुढे घालून आल्या. दुकानात चार गिऱ्हाईकं होती. त्यांच्यादेखत म्हणाल्या, "बेचाळीस वर्षांत तुमी मले कुठं नेलं वो? मयतीले अन् लग्नाले. लिहा न एक डाव, बायकोले घेऊन फिराले चाललो म्हनून. कोनाच्या बापाचं काय जाते त्याच्यात?"

गिऱ्हाईकं एकदम आपापल्या आधार कार्डात डोकं घालून बसली. साहेबांनी माझा पेन मागून घेतला आणि सोबतच्या पत्राचा मसुदा स्वतः लिहिला. दोनच ओळी. मी आणि माझी पत्नी व्हेनिस शहर पाहण्यासाठी येत आहोत. तिथे आमचं काहीही काम नाही. सही करताना त्यांचे कान लाल झाले होते.

व्हिसा पंधरा दिवसांत आला. या वेळी कोणालाच सांगितलं नाही. गल्लीत विचारणाऱ्यांना साहेब म्हणाले, हिवरा आश्रमला चाललो, आठ-दहा दिवस सत्संग आहे. यावर कोणी एक प्रश्न विचारला नाही, उलट दोघीतिघी काकूंच्या पाया पडल्या. सकाळच्या जालना एसटीत मी त्यांना बसवून दिलं. काकूंनी मोठं स्वेटर घातलं होतं आणि फेब्रुवारीच्या उन्हात त्यांना घाम फुटला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला व्हिडिओ कॉल आला. साहेबांचा चेहरा उतरलेला. त्यांनी फोन फिरवला. ती यादीतली टोकाचीच वस्ती होती. दोन्ही बाजूंना जुनी उंच घरं, भिंतींवर हिरवं शेवाळ, आणि मध्ये चिखल. नावा कलंडून पडलेल्या. चिखलात एक सायकलचं चाक. "गजानन," ते म्हणाले, "कोरडा हाये."

मला आधी हसू आलं. ते मी दाबू शकलो नाही, याची लाज मला अजून वाटते. मग त्यांनी सांगितलं, की हॉटेलच्या माणसाने हातवारे करून समजावलं. या गावाचं पाणी म्हणजे समुद्र. दर हिवाळ्यात या दिवसांत ओहोटी फार खाली जाते, छोटे कालवे उघडे पडतात. थांबा, परत येईल. दोन वर्षं आम्ही नकाशे पाहिले, अर्ज केले, पाळ्यांचे हिशेब मांडले. आमच्या दोघांच्याही डोक्यात समुद्र एकदाही आला नव्हता. बुलडाण्यात बसून तो येणार तरी कुठून?

"आता काय करता?" मी विचारलं. मागून काकू म्हणत होत्या की दुसरं काही पाहू, चर्च पाहू, बाजार पाहू. साहेब म्हणाले, "इथंच बसतो. पानी येईन म्हनते न तो हॉटेलवाला." आणि लगेच स्वतःवरच चिडल्यासारखे हसले. "येईन, येईन. मीबी असाच सांगत होतो लोकायले. खोटं बोलत होतो बे." फोन बंद झाला.

परत आल्यावर ते चिखलीला आलेच नाहीत. विमानतळावरून मुलगा पुण्याला घेऊन गेला, मग काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, मग नातीची दहावी. घर आता एका बँकवाल्याला भाड्याने दिलंय. आमचा फोन होतो, सणावाराला. पण मी साहेबांना शेवटचं पाहिलं ते कोरडा कालवा दाखवला त्याच दिवशी संध्याकाळी सातला, फोनवर, दुकानात दाखल्यांची गर्दी असताना. तिकडे दुपारचे अडीच वाजले असतील. फोन काकूंचा होता.

"सकाळपासून उठले नाईत," त्या कुजबुजल्या. "एक बिस्कीट खाल्लं फक्त." त्यांनी फोन फिरवला. घराच्या दारातून खाली कालव्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांवर साहेब बसले होते, पाठमोरे, मफलर गुंडाळून. बूट काढून शेजारी नीट लावून ठेवलेले. आणि कालव्यात पाणी होतं. हिरवट, गढूळ, आवाज न करता चढत होतं. नावा एकेक करून सरळ झाल्या होत्या. चिखल दिसत नव्हता.

"साहेब!" मी हाक मारली.

त्यांनी मान वळवली नाही. "बोलू नको बे. पाहू दे." दुकानातलं कोणी तरी उत्पन्नाच्या दाखल्याचं विचारत होतं, त्याला मी हातानेच थांबवलं. बऱ्याच वेळाने साहेब बोलले, माझ्याशी की पाण्याशी कोण जाणे. "कोनी सोडलं नाई गजानन. कोनाले अर्ज नाई, कोनाले फोन नाई. शेवटच्या घरापर्यंत आलं." त्यांची पाठ हलत होती.

पाणी अजून एक पायरी चढलं आणि त्यांच्या पायांना लागलं. काकू ओरडल्या, "अवो, पाय वर घ्या न, मोजे भिजून राह्यले!"

त्यांनी पाय वर घेतले नाहीत.